अकाली रजोनिवृत्ती आणि गुठळीचा धोका : एचआरटी सुरू करण्याआधी आणि सुरू करताना

अबोली

चाळिशीच्या आत, किंवा चाळीस ते पंचेचाळीसच्या दरम्यान पाळी कायमची थांबली. त्यातच कधी पायात रक्ताची गुठळी झालेली आहे, आईला-बहिणीला झालेली आहे किंवा रक्त लवकर गोठण्याचा आनुवंशिक दोष सापडलेला आहे. अशा बाईला बहुतेक वेळा एका वाक्यात परत पाठवलं जातं : "तुम्हाला हॉर्मोन चालायचे नाहीत." यातलं अर्धंच खरं आहे. इस्ट्रोजेनची तोंडाने घ्यायची गोळी तिला सहसा देऊ नये, हे बरोबर. पण म्हणून इस्ट्रोजेनच नको असं ठरवलं, तर पुढची दहा-पंधरा वर्षं हाडं, हृदय आणि रक्तवाहिन्या त्याच्याविना काढतात. ते नुकसान हळूहळू होतं, म्हणून कुणाच्या हिशेबात येत नाही.

पन्नाशीच्या आसपास पाळी जाते तेव्हा एचआरटी, म्हणजे कमी पडलेली हॉर्मोन बाहेरून देणं, हा त्रास कमी करायचा एक पर्याय असतो. पस्तिसाव्या-अडतिसाव्या वर्षी बीजांडकोश थंडावले तर ते वेगळं प्रकरण आहे. थायरॉईड काम करेनासं झालं की थायरॉक्सिन देतात, तसंच इथे त्या वयात शरीरात असायलाच हवं होतं ते परत द्यायचं असतं. एश्रे या युरोपीय संस्थेच्या मार्गदर्शक सूचना (२०१६, सुधारित २०२४) याच भूमिकेवर उभ्या आहेत : नैसर्गिक रजोनिवृत्तीच्या सरासरी वयापर्यंत, म्हणजे साधारण पन्नास-एक्कावन्नपर्यंत, एचआरटी द्यावी. गुठळीचा इतिहास किंवा दोष असेल तर आधी रक्तविकारतज्ज्ञाचं मत घ्यावं आणि इस्ट्राडिओल (शरीरातलं मुख्य इस्ट्रोजेन) त्वचेतून द्यावं. 'देऊ नका' असं तिथे म्हटलेलं नाही.

त्वचेतून इस्ट्रोजेन देणारा पॅच (चिकटपट्टी) किंवा जेल स्वतःच्या मनाने सुरू करण्यासाठी हा धागा नाही. डॉक्टरांसमोर बसल्यावर नेमकं काय विचारायचं आणि मिळालेल्या उत्तराचा अर्थ काय, एवढं इथे नीट मांडता आलं तर पुष्कळ झालं.

सावली

गोळी वाईट आणि पॅच चांगला असं सगळीकडे म्हणतात, पण कारण कुणी सांगत नाही. औषध तर एकच ना?

रक्तबिंदू

रेणू एकच, वाट वेगळी. गिळलेलं इस्ट्राडिओल आतड्यातून शोषलं गेलं की सगळ्यात आधी यकृतात पोचतं, आणि तेही मोठ्या प्रमाणात. रक्त गोठवणारे घटक यकृतच बनवतं. इस्ट्रोजेनचा लोंढा आला की ते यातले काही घटक जास्त बनवू लागतं, आणि गोठण्याला लगाम घालणारी प्रथिनं, म्हणजे अँटिथ्रॉम्बिन आणि प्रोटीन एस, कमी होतात. शिवाय सक्रिय प्रोटीन सी या नैसर्गिक ब्रेकला रक्त नीट दाद देत नाही. त्वचेतून गेलेलं इस्ट्राडिओल थेट रक्तात मिसळतं. यकृताला इतर अवयवांइतकाच वाटा मिळतो, त्यामुळे हे बदल जवळपास होत नाहीत.

आकडे सांगतो. फ्रान्समधल्या 'एस्थर' या अभ्यासात (२००७) हॉर्मोन न घेणाऱ्यांच्या तुलनेत गोळी घेणाऱ्यांत शिरेतल्या गुठळीचा धोका सुमारे ४ पट होता. त्वचेतून घेणाऱ्यांत तो ०.९, म्हणजे वाढलाच नव्हता. ब्रिटनमधल्या मोठ्या अभ्यासात (बीएमजे हे वैद्यकीय नियतकालिक, २०१९) गोळीसाठी १.५८ पट आणि त्वचेतून ०.९३. दिशा दोन्हीकडे तीच.

या धाग्यासाठी त्याहून महत्त्वाचा आकडा २००५ सालचा आहे, याच फ्रेंच गटाचा. फॅक्टर पाच लायडेन किंवा प्रोथ्रॉम्बिनचा दोष (दोन्ही रक्त लवकर गोठण्याचे आनुवंशिक दोष) असलेल्या बायका त्यांनी वेगळ्या पाहिल्या. दोष आणि इस्ट्रोजेन दोन्ही नसलेल्यांच्या तुलनेत : दोष आहे पण इस्ट्रोजेन नाही, तर धोका सुमारे ४ पट. दोष आणि पॅच किंवा जेल, तर ४.४ पट, म्हणजे तेवढाच. दोष आणि गोळी, तर सुमारे २५ पट. गोळीचा धोका दोषाच्या धोक्यात नुसता मिळवला जात नाही, त्याने गुणला जातो. दोष असलेल्या बाईला गोळी का देत नाहीत, ते यातच आलं.

सोबत एक खबरदारी. एस्थरमधल्या बायका ४५ ते ७० वयाच्या होत्या. तरुण बाईचा मुळातला धोका त्यांच्याहून कमी असतो, चाळिशीत ढोबळ मानाने वर्षाला हजारात एकाच्या आसपास. चार पट म्हणजे हजारात चार. 'पट' ऐकून घाबरण्याआधी कशाच्या किती पट, ते विचारावं.

सावली

म्हणजे सुरू करण्याआधी प्रत्येकीने थ्रॉम्बोफिलियाच्या, म्हणजे रक्त लवकर गोठण्याच्या दोषांच्या, सगळ्या तपासण्या करून घ्याव्यात?

रक्तबिंदू

नाही. इतिहासच नसेल तर सरसकट तपासण्यांचा उपयोग नाही. अहवाल निर्दोष आला तरी धोका शून्य होत नाही, आणि किरकोळ दोष सापडला तरी निर्णय त्वचेतूनच द्यायचा होतो. डी-डायमरला तर इथे कामच नाही. ती आत्ता गुठळी आहे का हे पाहण्याची तपासणी आहे. पुढे होईल का, हे ती सांगत नाही.

इतिहास मात्र खोलात जाऊन सांगायला हवा. स्वतःला गुठळी झाली असेल तर कुठे, किती वयात, कशामुळे : प्लास्टर, शस्त्रक्रिया, बाळंतपण, गर्भनिरोधक गोळ्या, की काहीच कारण नसताना? आई-वडील, सख्खी भावंडं, मुलं यांत कुणाला पन्नाशीच्या आत? वारंवार गर्भपात किंवा दहा आठवड्यांनंतर गर्भ दगावणं? शेवटचा प्रश्न अँटिफॉस्फोलिपिड सिंड्रोमकडे बोट दाखवतो. त्याबद्दल पुढे लिहितो, कारण तिथे नियम बदलतात.

तपासण्या ठरल्याच तर वेळ चुकवू नका. इथेच सगळ्यात जास्त चुकीचे अहवाल तयार होतात. ताज्या गुठळीत अँटिथ्रॉम्बिन, प्रोटीन सी आणि एस खाली जाऊ शकतात. वॉर्फरिन या रक्त पातळ ठेवणाऱ्या औषधावर असताना प्रोटीन सी आणि एस कमीच दिसणार. गरोदरपणात आणि इस्ट्रोजेनच्या गोळीवर प्रोटीन एस उतरतं. अपिक्साबान, रिव्हारॉक्साबान ही तशीच नवी औषधं घेत असताना अँटिफॉस्फोलिपिड सिंड्रोमसाठीची ल्युपस अँटिकोअ‍ॅग्युलंटची तपासणी खोटी सकारात्मक येऊ शकते. जनुकीय तपासण्या, म्हणजे फॅक्टर पाच लायडेन आणि प्रोथ्रॉम्बिन जी२०२१०ए, या केव्हाही केल्या तरी चालतात, औषधाने त्या बदलत नाहीत. अँटिफॉस्फोलिपिडची प्रतिपिंडं सकारात्मक आली तर कमीत कमी १२ आठवड्यांनी पुन्हा पाहावी लागतात. एका अहवालावर आयुष्यभराचं लेबल लावू नये.

अबोली

निदान पक्कं असावं, हेही त्यात धरा. चार महिने किंवा अधिक काळ पाळी अनियमित किंवा बंद, आणि एफएसएच (बीजांडकोशांना चालना देणारं हॉर्मोन; ते थंडावले की वाढतं) २५ च्या वर. एश्रेच्या नव्या सूचनेनुसार एकदा पाहिलेलं पुरतं. शंका असेल तर चार-सहा आठवड्यांनी पुन्हा. त्याआधी गरोदर नाही ना, हे बघायचं. थायरॉईड आणि प्रोलॅक्टिनही पाहायचं. चाळिशीच्या आत असेल तर कॅरिओटाइप (गुणसूत्रांची तपासणी), एफएमआर१ जनुकाची तपासणी आणि अ‍ॅड्रिनल ग्रंथीविरुद्धची प्रतिपिंडं. ही शेवटची टाळू नका : बीजांडकोशाबरोबर अ‍ॅड्रिनलवरही शरीराचा हल्ला चालू असेल तर ते वेळेत कळलं पाहिजे. हाडांची घनता मोजणारं डेक्सा स्कॅन सुरुवातीलाच, म्हणजे पुढे तुलना करता येते.

शस्त्रक्रियेने दोन्ही बीजांडकोश काढले असतील तर एफएसएचची वाट पाहायची गरज नाही. इस्ट्रोजेन एका दिवसात बंद होतं आणि त्रास तीव्र असतो, म्हणून पॅचची योजना शस्त्रक्रियेआधीच ठरवून ठेवावी.

केतकी_म

डोसबद्दल बोला. "सगळ्यात कमी डोस, सगळ्यात कमी काळ" हे वाक्य सगळीकडे वाचलंय. गुठळीचा धोका असताना तर २५ मायक्रोग्रॅमचा पॅचच बरा, असं वाटणं साहजिक आहे ना?

अबोली

साहजिक आहे, पण या वयाला लागू नाही. ते वाक्य रुजलं 'विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह' या अमेरिकन अभ्यासानंतर. २००२ साली तो गाजला. त्यातल्या बायकांचं सरासरी वय ६३ होतं आणि औषध होतं संयुग्मित इस्ट्रोजेन ०.६२५ मिलिग्रॅमची गोळी, सोबत मेड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉन २.५ मिलिग्रॅम. गुठळ्या त्यात दुपटीने वाढल्या. वय, औषध, वाट, तिन्ही वेगळं. त्यावरून अडतीस वर्षांच्या बाईच्या पॅचचा डोस ठरवणं चूक आहे.

निरोगी मासिक चक्रात इस्ट्राडिओलची सरासरी पातळी साधारण १०० पिकोग्रॅम प्रति मिलीलिटर असते. १०० मायक्रोग्रॅमचा पॅच जवळपास तेवढी पातळी देतो. म्हणून अकाली रजोनिवृत्तीत अंतिम डोस सहसा ७५ ते १०० मायक्रोग्रॅम असतो. ०.०६ टक्के जेलच्या पंपात एका दाबाला ०.७५ मिलिग्रॅम इस्ट्राडिओल येतं. दोन दाब साधारण ५० च्या पॅचइतके आणि चार दाब १०० च्या. त्वचेगणिक फरक पडतो, त्यामुळे हे समीकरण ढोबळच समजा.

थेट १०० वर जायचं नसतं. पाळी जाऊन वर्ष-दोन वर्षं झाली असतील तर २५ किंवा ५० पासून सुरू करून, सहा ते बारा आठवड्यांनी त्रास आणि सहनशक्ती पाहून वाढवतात. घाई केली की स्तन दुखतात, मळमळतं, डोकं धरतं आणि बाई औषधच सोडते. पण २५ वर वर्षानुवर्षं अडकून राहणंही बरोबर नाही. घामाच्या लाटा २५ वर थांबतीलही; हाडांना तेवढं पुरेलच असं नाही.

रक्तबिंदू

अबोलींच्या या मुद्द्याला माझं अनुमोदन, एका अटीवर. स्वतःला गुठळी होऊन गेलेली असेल आणि रक्त पातळ ठेवणारं औषध चालू नसेल, तर मी पायऱ्या सावकाश चढायला सांगेन : ५० वर तीन महिने, मग ७५, मग गरज असेल तर १००. दोष फक्त अहवालात आहे, गुठळी कधीच झालेली नाही, तिथे एवढं अडखळायचं कारण नाही.

तेजस्विनी७

प्रोजेस्टेरॉनवर कुणी लिहिलं नाही अजून. धोका फक्त इस्ट्रोजेनचाच आहे असं नाही ना?

अबोली

बरोबर पकडलंत. गर्भाशय असेल तर प्रोजेस्टेरॉनशिवाय इस्ट्रोजेन द्यायचंच नाही. अस्तर वाढत जातं आणि त्यातून कर्करोगही होऊ शकतो. गर्भाशय काढलेलं असेल तर सहसा लागत नाही. एन्डोमेट्रिओसिसचे अवशेष असतील तर डॉक्टर वेगळा विचार करतात.

कोणतं प्रोजेस्टेरॉन, यावर गुठळीचा हिशेब बदलतो. मायक्रोनाइज्ड प्रोजेस्टेरॉनने धोका वाढलेला एस्थरमध्ये दिसला नाही (०.७). नॉरप्रेग्नेन या कृत्रिम प्रोजेस्टेरॉनच्या गटातल्या औषधांत मात्र तो जवळपास ४ पट निघाला, तोही इस्ट्रोजेन त्वचेतून देत असताना. ब्रिटिश अभ्यासात गोळ्यांच्या जोड्यांपैकी इस्ट्राडिओल-डायड्रोजेस्टेरॉन सगळ्यात सौम्य आणि संयुग्मित इस्ट्रोजेन-मेड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉन सगळ्यात जड ठरलं. म्हणून पहिली पसंती मायक्रोनाइज्ड प्रोजेस्टेरॉन, किंवा गर्भाशयात बसवायची ५२ मिलिग्रॅम लेव्होनॉर्जेस्ट्रेलची कॉइल.

मात्रा : महिन्यात १२ ते १४ दिवस २०० मिलिग्रॅम, म्हणजे दर महिन्याला पाळीसारखा रक्तस्राव येतो. किंवा रोज १०० मिलिग्रॅम, मग काही महिन्यांनी रक्तस्राव थांबायला हवा. इस्ट्रोजेन १०० मायक्रोग्रॅमवर असेल तर ब्रिटिश मेनोपॉज सोसायटी ही मात्रा अनुक्रमे ३०० आणि २०० करायचा विचार सुचवते. इस्ट्रोजेन वाढवलं आणि प्रोजेस्टेरॉन जुनंच राहिलं, ही गफलत सर्रास दिसते. डोस बदलला की दोन्ही कागद शेजारी ठेवून बघा.

शेवटची पाळी येऊन वर्ष झालं नसेल तर रोजची पद्धत सहसा लावत नाहीत. मधूनमधून डाग पडत राहतात. आधी चक्राची पद्धत, मग रोजची.

औषधपेटी

प्रोजेस्टेरॉनची कॅप्सूल रात्री झोपताना घ्यायची, कारण तिने गुंगी येते. जेवणाबरोबर घेतली तर शोषण वाढतं आणि गुंगीही. काही कंपन्यांच्या कॅप्सूलमध्ये शेंगदाण्याचं तेल किंवा सोया असतं. अ‍ॅलर्जी असलेल्यांनी वेष्टन वाचल्याशिवाय घेऊ नये. अंगाला चोळायची 'नैसर्गिक प्रोजेस्टेरॉन क्रीम' गर्भाशयाच्या अस्तराचं रक्षण करत नाही, तिच्यावर अजिबात विसंबू नका.

आता पॅच. कमरेखाली लावायचा : ओटीपोट, नितंब, मांडीचा वरचा भाग. स्तनावर किंवा जवळ कधीच नाही. त्वचा कोरडी हवी आणि त्या दिवशी तिथे तेल, लोशन, पावडर लागलेली नको. पॅच सुटण्याचं पहिलं कारण हेच असतं. तळहाताने दहा सेकंद दाबून धरा, कडा बोटाने फिरवून बसवा. बहुतेक पॅच आठवड्यातून दोनदा बदलायचे असतात, काही आठवड्यातून एकदा; पाकिटावर बघा. ठरावीक वार धरला की चुकत नाही. तीच जागा आठवडाभर पुन्हा वापरू नका. गळून पडला तर नवा लावा, पण बदलायचा वार तोच ठेवा. शेकायची पिशवी पॅचवर धरू नका, उष्णतेने औषध झपाट्याने शिरतं. चिकट डाग थोड्या तेलाने निघतो. अर्धा डोस हवा म्हणून पॅच कापणं फक्त मॅट्रिक्स प्रकाराला चालतं. आत द्रवाची पिशवी असलेला पॅच कापला तर सगळं औषध सांडतं. वापरलेल्या पॅचमध्येही इस्ट्राडिओल उरतं, म्हणून दुमडून, चिकटवून, मुलांच्या हाती लागणार नाही असा टाका.

जेल दंडाच्या बाहेरच्या बाजूला किंवा मांडीला, उत्पादनावर लिहिलं असेल तिथे. ०.०६ टक्क्याचं जेल पातळ थरात मोठ्या भागावर पसरायचं, घासून जिरवायचं नाही. पाच मिनिटं वाळू द्या, तासभर तिथे पाणी, सनस्क्रीन, क्रीम काही नको. हात साबणाने धुवा. लहान मुलाला किंवा पाळीव प्राण्याला ती जागा ताजी असताना लागू देऊ नका.

आणि रक्ततपासणीच्या दिवशी : ज्या हाताला जेल लावता त्या हातातून रक्त देऊ नका. त्वचेवरचं जेल सुईला लागलं की पातळी अफाट वर दिसते आणि उगाच डोस कमी केला जातो.

सावली

रक्तातली इस्ट्राडिओलची पातळी नियमित तपासायची का?

अबोली

सगळ्यांनी नाही. डोस पुरेसा असूनही लाटा थांबत नाहीत, किंवा घेतलेलं नीट शोषलं जातंय का अशी शंका आहे, तेव्हा तपासावी. काहींची त्वचा पॅच चांगला शोषते पण जेल नाही, काहींचं उलट. अशा वेळी 'गोळी देऊन बघू' असं म्हणण्याआधी त्वचेतला दुसरा प्रकार वापरून बघायचा. अहवालाचं एकक नक्की पाहा : पिकोग्रॅम प्रति मिलीलिटरला ३.६७ ने गुणलं की पिकोमोल प्रति लिटर येतात. ३६७ आणि १०० हा एकच आकडा आहे.

केतकी_म

आधीच रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर? त्या संपेपर्यंत थांबायचं का?

रक्तबिंदू

उलट आहे. गुठळी अगदी ताजी असेल तर आधी तिचे उपचार सुरू होऊन स्थिर व्हावेत. पण पूर्ण मात्रेत वॉर्फरिन (रक्त किती पातळ आहे हे दाखवणारा आयएनआर २ ते ३) किंवा रिव्हारॉक्साबान चालू असताना हॉर्मोन घेणाऱ्या बायकांत गुठळी पुन्हा होण्याचं प्रमाण वाढलेलं नव्हतं, हे रिव्हारॉक्साबानच्या आइन्स्टाइन चाचण्यांच्या २०१६ मधल्या विश्लेषणात दिसलं. म्हणजे औषधाच्या छत्राखाली एचआरटी जास्त सुरक्षित असते. ज्या दिवशी ते औषध बंद करायचं ठरेल, त्याआधी मात्र दोन्ही डॉक्टरांनी एकत्र बसून पाहायचं : इस्ट्रोजेन त्वचेतूनच आहे ना, डोस किती, औषध कमी मात्रेत चालू ठेवायचं का. हे संभाषण होत नाही आणि स्त्रीरोगतज्ज्ञ-रक्तविकारतज्ज्ञ आपापली चिठ्ठी लिहीत राहतात, याची मला खरी चिंता वाटते. एकीची चिठ्ठी दुसऱ्याला दाखवा, दरवेळी.

अँटिफॉस्फोलिपिड सिंड्रोमबद्दल लिहितो म्हणालो होतो. यात शिरांबरोबर धमन्यांतही गुठळ्या होतात, पक्षाघात होतो. अमेरिकन कॉलेज ऑफ रुमॅटॉलॉजीच्या २०२० च्या सूचना गुठळी होऊन गेलेल्या अशा रुग्णाला एचआरटी न देण्याच्या बाजूच्या आहेत. 'पॅच सुरक्षित' हे वर लिहिलेलं वाक्य इथे तसंच उचलू नका. वय फार कमी असेल तर अनुभवी केंद्रातले तज्ज्ञ मिळून निर्णय घेतात, एकट्या डॉक्टरने घ्यायचा तो नाही. तिन्ही प्रतिपिंडं सकारात्मक असतील तर रिव्हारॉक्साबानसारखी औषधंही टाळून वॉर्फरिनच देतात.

तेजस्विनी७

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या आणि चक्राची पद्धत एकत्र म्हणजे महिन्याला खूप अंगावरून जाणार. तेव्हा सर्रास ट्रानेक्झॅमिक अ‍ॅसिड दिलं जातं.

अबोली

आणि गुठळी होऊन गेलेल्या बाईला ते द्यायचं नसतं, कारण ते गुठळी विरघळू देत नाही. याच प्रसंगात दुसरा सापळा नॉरएथिस्टेरॉन ५ मिलिग्रॅम दिवसातून तीनदा, रक्तस्राव थांबवायला किंवा पाळी पुढे ढकलायला. त्याचा थोडा भाग शरीरात एथिनाइल इस्ट्राडिओलमध्ये, म्हणजे गर्भनिरोधक गोळ्यांतल्या कृत्रिम इस्ट्रोजेनमध्ये, बदलतो. दिवसाला १० ते २० मिलिग्रॅम म्हणजे कमी मात्रेच्या गर्भनिरोधक गोळीएवढं, २० ते ३० मायक्रोग्रॅम एथिनाइल इस्ट्राडिओल पोटात गेल्यासारखं होतं. वेष्टनावर इस्ट्रोजेन हा शब्दही नसतो, म्हणून कुणाला संशय येत नाही.

अशा वेळी लेव्होनॉर्जेस्ट्रेलची कॉइल बहुधा उत्तम : अस्तराचं रक्षणही होतं आणि रक्तस्रावही घटतो. रिव्हारॉक्साबानने पाळी जास्त जात असेल तर औषध बदलण्याबद्दल रक्तविकारतज्ज्ञाला विचारा.

पहिले तीन महिने अनियमित डाग पडणं चालतं. सहा महिन्यांनंतरही चालू असेल, किंवा थांबलेलं पुन्हा सुरू झालं, तर सोनोग्राफी करून अस्तराची जाडी पाहिलीच पाहिजे. 'रक्त पातळ आहे म्हणून जातंय' म्हणून सोडून देऊ नये.

सावली

तरुण वयात एचआरटीऐवजी गर्भनिरोधक गोळ्याच देतात असंही वाचलं. आणि त्याचेही पॅच, रिंग असतात. त्वचेतून म्हणजे सुरक्षित, असं धरायचं का?

रक्तबिंदू

नाही, आणि हा प्रश्न विचारलात हे फार बरं झालं. त्वचेतून सुरक्षित हा नियम इस्ट्राडिओलचा आहे. प्रचलित गर्भनिरोधक पॅच आणि रिंगमध्ये एथिनाइल इस्ट्राडिओल असतं. ते यकृतात सहज मोडत नाही, म्हणून कुठल्याही वाटेने गेलं तरी तिथला परिणाम करतं. गुठळी झालेल्या किंवा ज्ञात दोष असलेल्या बाईला एथिनाइल इस्ट्राडिओल असलेली कुठलीही गोष्ट नको, वाट कोणतीही असो. पॅचवर घटकाचं नाव वाचा.

अबोली

यालाच जोडून : पाळी थांबली म्हणजे दिवस जाणारच नाहीत असं नाही. अकाली बीजांडकोश-अकार्यक्षमतेत ५ ते १० टक्के बायकांना आपोआप गर्भधारणा होते, आणि एचआरटी ती रोखत नाही. मूल नको असेल तर कॉइल दोन्ही कामं करते.

औषधपेटी

'हॉर्मोनशिवाय' पर्यायांबद्दल थोडक्यात. व्हेनलाफॅक्सिन, गॅबापेन्टिन किंवा नवं फेझोलिनेटंट घामाच्या लाटा कमी करतात. हाडं आणि हृदयाला त्यांचा उपयोग नाही, त्यामुळे या वयात ती बदली होऊ शकत नाहीत. व्हेनलाफॅक्सिन रक्त पातळ करणाऱ्या औषधाबरोबर असेल तर रक्तस्रावाची शक्यता थोडी वाढते, डॉक्टरांना सांगा. सेंट जॉन्स वर्ट असलेली 'हर्बल' गोळी वॉर्फरिन आणि अपिक्साबान दोन्हींचा परिणाम कमी करते. हाडांसाठी म्हणून रॅलॉक्सिफीन सुचवलं गेलं तर थांबा : ते स्वतः गुठळीचा धोका वाढवतं.

योनीमार्गातल्या कोरडेपणासाठी १० मायक्रोग्रॅम इस्ट्राडिओलची गोळी किंवा इस्ट्रिऑलची क्रीम आतून वापरता येते. रक्तात फार थोडं जातं, गुठळीच्या इतिहासातही सहसा दिली जाते. पॅच पुरेसा असूनही ही वेगळी लागू शकते.

केतकी_म

पुढे कधी मोठी शस्त्रक्रिया ठरली, तर पॅच काढून ठेवायचा?

रक्तबिंदू

गोळी असेल तर सहसा चार ते सहा आठवडे आधी बंद करतात. पॅच किंवा जेल सहसा बंद करावं लागत नाही. मात्र भूलतज्ज्ञाला आणि सर्जनला गुठळीचा इतिहास आणि दोष, दोन्ही स्पष्ट सांगा, म्हणजे गुठळी टाळणारं हेपरिनचं इंजेक्शन आणि लवकर चालायला लावणं याची योजना ते करतील. तिथे धोका शस्त्रक्रियेचा आणि झोपून राहण्याचा जास्त असतो.

औषध कोणतंही असो, ही लक्षणं तोंडपाठ असू द्या : एकाच पायाला सूज, पोटरी दुखणं, गरम लागणं. अचानक दम लागणं, श्वास घेताना छातीत टोचणं, खोकल्यातून रक्त, भोवळ. आधी कधी नव्हती अशी, दिवसेंदिवस वाढत जाणारी डोकेदुखी, नजर धूसर होणं. पहिल्यात त्याच दिवशी पायाच्या शिरांची डॉपलर सोनोग्राफी, बाकीच्यांत थेट तातडीचा विभाग. पॅच काढून 'उद्या बघू' असं करू नका.

तेजस्विनी७

शेवटचा प्रश्न. एक्कावन्न झाल्यावर एकदम बंद?

अबोली

तारखेला बंद करायचं असं नाही. त्या वयाला पुन्हा एकदा सगळं मोजायचं : हाडांची घनता, रक्तदाब, वजन, मधल्या काळात गुठळी झाली का, रक्त पातळ करणारं औषध चालू आहे का. इथून पुढे ती इतर बायकांसारखीच निवड असते, आणि 'कमी डोस' हा विचार आता लागू होतो. चालू ठेवायचं असेल तर त्वचेतूनच, ५० किंवा २५ वर आणून. थांबवायचं असेल तर १०० वरून ७५, ५०, २५, प्रत्येक पायरीवर एक-दोन महिने. इस्ट्रोजेन चालू आहे तोवर प्रोजेस्टेरॉन आधी बंद करायचं नाही. डोसबरोबर त्याची मात्रा कमी होईल, पण थांबायचं तर दोन्ही एकत्र. आणि बंद केल्यावर वर्षभराने डेक्सा पुन्हा, कारण इस्ट्रोजेन थांबलं की हाडांची झीज वेग धरते.